शबानाचा अर्ज

"समजलं का?" हा प्रश्न शबानानं कधी कुणाला विचारला नाही.

अमरावतीच्या आमच्या अध्यापक महाविद्यालयात बी.एड.चे शंभर विद्यार्थी होते. त्यातले नव्याण्णव जण सराव पाठात दर दोन मिनिटांनी "समजलं का?" असं विचारत आणि मुलं एका सुरात "होऽऽ" म्हणत. या 'हो'ला आमच्या धंद्यात मोठी किंमत आहे. निरीक्षक त्यावर गुण देतात. मीही पंचवीस वर्षं दिले. शबानाला एकदा हटकलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, समजलं का इचारलं की पोरगं हो म्हनते. समजलं म्हनून नाई. तुमी दमले असान म्हनून."

ती विचारायची, "कुठवर आली?" मूल एस.टी.त बसलंय आणि ही पुढच्या फाट्यावर उभी आहे, अशा आवाजात. मग ती थांबायची. हे थांबणं फार अवघड असायचं. समोरचं पोर बोलेपर्यंत ती एक शब्द बोलत नसे, खोकत नसे, फळ्याकडे वळत नसे. आमच्याकडे प्रत्येक पाठाचं टाचण लिहावं लागतं. एका रकान्यात शिक्षकाची कृती, दुसऱ्यात विद्यार्थ्याची, तिसऱ्यात वेळ. शबानाच्या पहिल्याच टाचणात मला दिसलं : शिक्षकाची कृती, 'वाट पाहणे'. वेळ, सात मिनिटे. मी लाल शाईनं ते खोडलं आणि समासात 'कृती स्पष्ट करा' असं लिहिलं. पुढच्या टाचणात तिनं स्पष्ट केलं : 'शांतपणे वाट पाहणे'.

ती अकोटची. वडील पिंजारी, गाद्या, लोड, रजया भरून देण्याचं दुकान. घरात हिंदी, शाळेत मराठी, रस्त्यावर वऱ्हाडी, आणि तिन्ही भाषा ती एकाच चपलेवर फिरावं तशी बोलायची. आधी डी.एड. केलं होतं. मग शिक्षकभरतीची वाट पाहिली. भरती निघेना तेव्हा घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून बी.एड.ला आली. वय सत्तावीस, चष्म्याच्या एका काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. आज ती कुठल्याच शाळेत शिकवत नाही. वडिलांच्या दुकानात गाद्यांना टाके घालते, असं ऐकतो. मी पाहिलेल्या शिक्षकांत ती सगळ्यात चांगली होती, हे वाक्य लिहायला मला बराच उशीर झाला आहे.

शाळा बंद होत्या त्या वर्षीची ही गोष्ट. सराव पाठ घ्यायला वर्गच नव्हते. तेव्हा आमच्या प्राचार्यांना योजना सुचली. आमच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं आपापल्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली अभ्यासात मागे पडलेली चार मुलं घ्यायची आणि त्यांना रोज मोबाइलवरून, समोरासमोर बोलत शिकवायचं. सरकारी भाषेत या मुलांना 'अप्रगत' म्हणतात. एका दात्यानं काही टॅब दिले, ते अशा मुलांना वापरायला मिळणार होते. कल्पना खरोखर चांगली होती. तिला एक भलंमोठं संस्कृत नाव दिलं गेलं, ते मुलांच्या तोंडात बसेना. फुकटची व्हिडिओ-लिंक चाळीस मिनिटांनी आपोआप तुटायची, म्हणून मुलं योजनेला 'चाळीस मिनिटं' म्हणू लागली. प्राचार्यांना ते कधी कळलं नाही.

उद्घाटन ऑनलाइन झालं. प्राचार्यांनी कॅमेऱ्यासमोर समई लावली. प्रमुख पाहुण्यांनी ग्रामीण भागातल्या मुलांना इंटरनेटचं महत्त्व पटवून दिलं. त्याला पावणेदोन तास लागले. सगळ्या मुलांनी हजर राहायचं, असा आदेश होता. संध्याकाळी शबानाचा फोन आला.

"सर, पोरायचा आजचा नेट पाहुण्यायनंच संपवला. आता शिकवू कायच्यानं?"

मी म्हटलं, "उद्यापासून सुरू कर."

"हव. पन उद्या आभारप्रदर्शन तं नाई ना राह्यलं?"

तिचा वर्ग भरायचा दुकानाच्या मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगांमध्ये. पाच वाजले की वडील पिंजण्याचं यंत्र बंद करत. कापूस आवाज शोषून घेतो, त्यामुळे तिचं बोलणं आमच्या कुणाही प्राध्यापकापेक्षा स्वच्छ ऐकू यायचं. आमच्याकडून सूचना गेली की पाठीमागे महाविद्यालयाचा फलक दिसला पाहिजे. तिनं फलक लावला. तो कापसात रुतून तिरपा झाला आणि वर्षभर तिरपाच राहिला. केसांत कापसाचे तंतू असायचे. "मॅडम, तुमचे केस पिकले," असं पोरं म्हणायची. "तुमच्या भागाकारानं पिकले," असं ती सांगायची.

तिच्या चारांपैकी तिघं जण दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी रुळले. चौथी पायल. सहावीतली मुलगी; गाव अकोटपासून पुढे खारपाणपट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण तिथले मुख्याध्यापक अजून नोकरीत आहेत. आईबाप दोघंही दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. त्या वर्षी सोयाबीन उभ्या जागी सडलं आणि कपाशीची बोंडं अळीनं आतून खाल्ली. ज्यांची शेतं होती त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. ज्यांना वेचायला कापूसच उरला नाही, त्या बायांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. त्या वीटभट्ट्यांवर जातात.

योजनेचा समन्वयक म्हणून मला कुठल्याही वर्गात न बोलता डोकावता यायचं. पायलचा एक तास मला जसाच्या तसा आठवतो. फळ्यावर सहाशे बारा भागिले सहा. पायलनं उत्तर सांगितलं, "बारा."

"कशी आली बारावर?"

"सहा एकं सहा. एक लिवला. मंग एकात सहा जात नाई. मंग बारात सहा दोनदा. दोन लिवले. बारा."

"एकात सहा जात नाई म्हनते. तं तिथं काय लिवलं?"

"काईच नाई. जातच नाई तं काय लिवू, मॅडम?"

यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. जे जात नाही ते लिहायचं कशाला? मी असतो तर "तिथं शून्य लिहायचं असतं" असं सांगून मोकळा झालो असतो. शबाना गप्प बसली. पडद्यावर एक टॅब हलत होता, मागे कोंबडी ओरडत होती. मग तिनं विचारलं, "बारा सक किती?"

"बहात्तर."

"आन आपल्याजवळ होते सहाशे बारा. बाकीचे कुठी गेले?"

पायल विचारात पडली. म्हणाली, "गेले असतीन भट्ट्यावर."

शबाना हसली नाही. "बरं," ती म्हणाली, "मंग उद्या त्यायले पाहू." आणि चाळीस मिनिटं संपली.

पायलचे आईबापही दिवाळीनंतर भट्टीवर जाणार होते, पोरीला घेऊन. हे शबानाला पायलनंच सांगितलं, गृहपाठ का झाला नाही याचं कारण म्हणून. त्या रविवारी शबाना भावाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या गावी गेली. काय बोलणं झालं ते तिनं मला नंतर सांगितलं.

पायलची आई म्हणाली, "मॅडम, भट्टीवर हात लागते. ते तेरा वर्साची झाली आता. इथं ठिवून काय करू?"

"शिकून राहिली ना ते. आत्याजवळ ठिवा तिले."

आईनं बराच वेळ पदर चाळवला. मग म्हणाली, "असं करतो. तुमी शिकवून राह्यल्या तंवर ठिवतो आत्यापाशी. शिकवनं बंद झालं की नेतो. मंजूर?"

"बंद नाई होत."

"शब्द द्या."

"देल्ला."

शबानाचं पुढचं सगळं वागणं या एका शब्दावर उभं होतं. ती पायलसाठी एक तास सोडून दोन घेऊ लागली. एका लिंकची चाळीस मिनिटं तुटली की दुसरी लिंक. तिनं सहा ताटं मांडली, कॅमेऱ्यासमोर सरकीचे दाणे वाटले, ज्या ताटात काही पडलं नाही ते ताट उचलायचं की ठेवायचं यावर पायलशी चार दिवस वाद घातला. पायलचं म्हणणं, जेवायचं नाही तर ताट कशाला मांडायचं? शबाना सांगू शकली असती. तिनं सांगितलं नाही. मला म्हणाली, "सर, आली हाय जवळ. आठ-दहा दिवस अजून. तिचं तिलेच सापडते."

ते आठ-दहा दिवस तिला मिळाले नाहीत. विद्यापीठाची समिती योजना पाहायला येणार असं ठरलं. आमच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर एक पाठ दाखवायचा होता, आणि प्राचार्यांना तो शबानाचा हवा होता. तिचा आवाज स्वच्छ येत असे, हे एक; आणि पिंजाऱ्याची मुलगी मजुराच्या मुलीला शिकवते आहे हे अहवालात चांगलं दिसेल, हे दुसरं. त्यांनी ते तसंच बोलून दाखवलं.

फोन मी केला. म्हटलं, "शबाना, समितीसमोर सात मिनिटं शांतता चालत नाही. चार गणितं ठरवून घे आणि उत्तरं पायलकडून पाठ करून घे."

"ते तं खोटं होईन, सर."

"सगळेच करतात."

"म्हनूनच म्हनून राहिली."

तिला गुणांचं काही नव्हतं. म्हणून मी दुसरं सांगितलं. "समितीला पसंत पडलं नाही तर योजना बंद होईल. मग तुझ्या पायलचं काय?"

 मग ती म्हणाली, "बरं, सर." इतकं नेमकं वाक्य आपल्याला सुचलं याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं.

पाठ उत्तम झाला. पायल तेल लावून, वेणी घालून बसली होती. सहाशे बारा भागिले सहा? "एकशे दोन!" आठशे सोळा भागिले आठ? "एकशे दोन!" दोन्हींचं उत्तर एकच ठेवलं होतं; पोरीला तेवढं तरी सोपं जावं म्हणून. समितीतल्या एका सद्गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी शबानानं विचारलं, "समजलं का?" मी ते तिच्या तोंडून पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. पायल म्हणाली, "हो, मॅडम." मी चाळीसपैकी अडतीस गुण दिले.

समितीनं प्रगतीचा पुरावा डोळ्यांनी पाहिला होता. साहजिकच अहवालात पायलचं नाव 'अप्रगत'मधून 'प्रगत'च्या यादीत गेलं. आणि योजनेचा एक नियम असा होता की मूल प्रगत झालं की त्याची शिकवणी थांबवायची आणि टॅब दुसऱ्या गरजू मुलाला द्यायचा. नियम वाईट नव्हता. आमच्या अख्ख्या योजनेतला तो एकमेव शहाणा नियम होता आणि तो मीच लिहिला होता. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापक पायलच्या घरून टॅब घेऊन गेले. जाताना त्यांनी तिच्या आईचं अभिनंदन केलं.

चौथ्या दिवशी शबाना अकोटहून अमरावतीला आली, हातात अर्ज घेऊन. नोकरीत मी हजारो अर्ज वाचले आहेत. गुण वाढवून मिळावेत, उपस्थिती माफ व्हावी, असे. हा अर्ज मला तोंडपाठ आहे. 'महोदय, माझी विद्यार्थिनी कु. पायल हिला प्रगत ठरवण्यात आले आहे. ती प्रगत नाही. शून्य का लिहावे हे तिला अजून सापडलेले नाही. समितीसमोर दिलेली उत्तरे मी तिच्याकडून पाठ करून घेतली होती. तरी तिला पूर्ववत अप्रगत करण्यात यावे, ही विनंती.'

पाठ करून घ्यायला कुणी सांगितलं, हे अर्जात नव्हतं.

प्राचार्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "अहवाल गेला. त्यात पुढे जाण्याचा रकाना आहे, मागे येण्याचा नाही." मग माझ्याकडे वळून, ती समोर उभी असताना, "हिला समजावून सांगा."

मी समजावलं नाही. निदान तेवढं तरी टाळलं. ती मुख्याध्यापकांकडे गेली. ते म्हणाले, आमच्या हातात काही नाही, केंद्रप्रमुखांकडे जा. केंद्रप्रमुख गंमत्या माणूस होते.

"मॅडम, लोक पोरगं पुढं काढाले अर्ज करतेत. तुमी मांगं ढकलाले आल्या?"

"मांगं नाई ढकलत, साहेब. जिथं हाय तिथं लिवा म्हनते."

"आन समितीनं पाहिलं ते?"

"ते मी दाखवलं."

"मंग तुमीच खोट्या?"

"हव. तसं लिवून देते. पन तिचं नाव बदला."

त्यांनी चहा मागवला, पण नाव बदललं नाही. मधल्या चार-पाच दिवसांत तिनं आत्याच्या शेजाऱ्याच्या मोबाइलवरून कसेबसे तीन तास घेतले. शेजाऱ्याला मोबाइल लागायचा, तास अर्ध्यात तुटायचा. स्वतःचा फोन देऊन टाकावा तर शिकवायचं कशावर? ती वडिलांना दुसऱ्या फोनसाठी विचारणार होती, आणि त्या आधी एकदा पायलला भेटून यावं म्हणून रविवारी गावी गेली. घराला कुलूप होतं.

आत्यानं सांगितलं, काल गेले. शबानानं विचारलं, पायलला काहून नेलं? आत्यालाच आश्चर्य वाटलं. "आता मॅडम, पोट्टी हुशार झाली ना. हेडमास्तर घरी येऊन सांगून गेले. शिकवनं झालं, मंग कायले ठिवतीन?" आणि तिनं आतून एक पिशवी आणून दिली. तुरीच्या ओल्या शेंगा. पायलची आई जाताना मॅडमसाठी ठेवून गेली होती. "म्हने मॅडमचे लय उपकार झाले. पोट्टीले समद्यायसमोर बोलाले लावलं."

हे सगळं तिनं मला फोनवर सांगितलं, सावकाश, एकेक वाक्य तपासून. रडली नाही. शेवटी म्हणाली, "सर, तिच्या मायनं शब्द पाळला. मीच नाई पाळला." मी म्हणालो, तुझा काय दोष. ती म्हणाली, "दोष नाई इचारून राहिली मी. पायल कुठी हाय ते इचारून राहिली. मुकादमाचा नंबर काढता येते का कुठून?"

नंबर मी काढतो म्हणालो. दोन फोन केले. तिसरा केला नाही. आत्यालाही धड ठाऊक नव्हतं, परतवाड्याकडची भट्टी की त्याहून पुढची. शबाना सुटीच्या दिवशी भावाच्या गाडीवर भट्ट्या पालथ्या घालत होती. हे मला त्या भावानंच सांगितलं, तक्रारीच्या सुरात : "सर, तुमी बोला ना दीदीशी. हर भट्टी पे जाके बच्चों को लाइन में खड़ा करती है, नाम पूछती है. मुकादम लोग गालियां देते हैं." मी बोलतो म्हणालो. बोललो नाही. तिची परीक्षा झाली, ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, आणि अकोटच्या एका खाजगी शाळेतून आलेलं बोलावणं तिनं नाकारलं असं कानावर आलं.

पुढच्या वर्षी शाळा उघडल्या. योजनेला कुठलासा पुरस्कार मिळाला आणि आमच्या सभागृहात सत्कार ठरला. समई होती, म्हणून चपला बाहेर काढायच्या होत्या. व्यासपीठाच्या बाजूला माणसापेक्षा उंच फ्लेक्स उभा केला होता : पायलचा हसरा चेहरा, वेणी घातलेली, हातात टॅब, आणि वर प्राचार्यांचा लहान फोटो. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

शबाना त्या दिवशी कार्यालयात गुणपत्रिका घ्यायला आली होती. सत्काराची तिला कल्पना नव्हती. गर्दी दिसली म्हणून ती सभागृहाच्या दाराशी आली असावी. मी पाहिलं तेव्हा ती मधल्या वाटेनं सरळ फ्लेक्सकडे चालत होती. प्रमुख पाहुणे तिथंच फोटोसाठी उभे होते. प्राचार्यांनी तिला ओळखलं आणि प्रसन्न होऊन पाहुण्यांना सांगितलं, "याच त्या शिक्षिका! या मुलीला यांनीच घडवलं."

शबाना पाहुण्यांना म्हणाली, "साहेब, हिले भागाकार येत नाई."

पाहुणे मोठ्यानं हसले. "वा! शिक्षक असावा तर असा. कधी समाधानी नाही." टाळ्या पडल्या. ती टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली, तिला उभं राहता यायचं. मग म्हणाली, "नाई, साहेब. खरंच येत नाई. आन ते आता कुठी हाय, ते बी मले मालूम नाई."

 प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. शबानानंही पाहिलं.

"सर, तुमी सांगा ना यायले."

माइक माझ्या हातात होता, सुरू होता. ती थांबली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग मी हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि पुष्पगुच्छासाठी पुढच्या मान्यवरांचं नाव पुकारलं.

ती आली तशीच मधल्या वाटेनं परत गेली. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला होता. एक चप्पल तिला लगेच मिळाली, दुसरी सापडेना. ती खाली बसली आणि एकेक जोड उचलून बाजूला नीट लावत शोधू लागली. मी नावं वाचत होतो. सातव्या की आठव्या नावाला मान वर केली, तेव्हा दारात चपला ओळीनं लावलेल्या होत्या आणि ती नव्हती.